डोंबिवलीच्या नावाच्या संख्या: कापरेकर सर आणि बॅशमधला नावामागचा अ‍ॅरे

डोंबिवली म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सकाळची फास्ट लोकल, दारात लोंबकळणारी माणसं, फडके रोडवरची दिवाळी पहाट. संख्यांचा नाद असलेल्या माणसाला विचाराल तर त्याला वेगळंच काहीतरी आठवेल: डेम्लो संख्या. जगभरच्या गणिताच्या याद्यांत हे नाव आहे, आणि ते आपल्या डोंबिवलीचं आहे. त्या काळी जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवर असलेल्या या स्टेशनाला डेम्लो म्हटलेलं सापडतं. तिथे एका माणसाला एक कल्पना सुचली आणि त्याने त्या संख्यांना स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं.

तो माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ६१७४ वाले कापरेकर. तुम्ही रील्समध्ये तो आकडा पाहिला असेल, बहुतेक माणसाचं नाव न ऐकता.

मी डोंबिवलीचाच, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि या साइटवर शेल स्क्रिप्टबद्दल अधूनमधून लिहीत असतो. बॅशमध्ये एका व्हेरिएबलमध्ये दुसऱ्या अ‍ॅरेचं नाव ठेवून त्या अ‍ॅरेपर्यंत कसं पोचायचं, हा प्रश्न शिकणाऱ्याला हमखास अडवतो. एरवी तो एक्स, वाय, झेड असली नावं घेऊन शिकवतात आणि डोक्यात काही राहत नाही. मला वाटतं हा विषय समजावायला कापरेकरांइतकं चांगलं उदाहरण नाही. या माणसाने आयुष्यभर संख्यांना नावं दिली, आणि पुढे त्या नावांचं काय काय झालं ते बघण्यासारखं आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे आज तुम्ही त्यांचं जन्मगाव शोधाल तर जिल्हा पालघर दिसेल. गाव तिथेच आहे, वरची पाटी बदलली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं ते सोडा, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड लागतेच, आणि मुलाला आकड्यांची गोडी तिथून लागली. आठ वर्षांचा असताना आई गेली. मग वडिलांनीच वाढवलं.

पुढचं शिक्षण ठाण्याच्या शाळेत. बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली ज्या ठाण्याला आली, ते ठाणं. शाळेच्या वयातच कोडी सोडवत तासन्तास बसायची सवय लागली, आणि ती सवय नंतर कधी सुटलीच नाही. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने केलेल्या गणिताला हे बक्षीस द्यायचे. १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले आणि त्याच वर्षी नाशिकजवळ देवळालीला शाळेत गणिताचे मास्तर म्हणून लागले. एम. एस्सी. नाही, पीएच. डी. नाही, विद्यापीठात नोकरी नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच.

नकाशा उघडून बघा. ठाणे, डोंबिवली, कल्याण, कसारा, इगतपुरी, देवळाली. सगळं एकाच रुळावर आहे.

आता डेम्लो संख्या म्हणजे काय ते बघू. १६५ घ्या. पहिला अंक १, शेवटचा ५, बेरीज ६, आणि मधे ६ च बसलेला आहे. ४७७७३ घ्या. ४ आणि ३ मिळून ७, आणि मधे नुसते ७ च ७. टोकांची बेरीज करा, मधला अंक मिळतो. टोकाला एकच अंक हवा असंही नाही. १२३४३२१ मध्ये डावीकडे १२३, उजवीकडे ३२१, बेरीज ४४४, मधे ४. अशांतल्या सगळ्यात देखण्या संख्यांना कापरेकरांनी अद्भुत डेम्लो म्हटलं: १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ती रांग. या सगळ्या नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नववी आहे १२३४५६७८९८७६५४३२१. १९३८ मध्ये त्यांनी यावर द मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात लिहिलं, आणि १९३९ मध्ये के. आर. गुंजीकरांबरोबरचा डेम्लो संख्यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आला.

हे आपण मोबाइलवर करून बघू शकतो. अँड्रॉइडवर टर्मक्स टाका (एफ-ड्रॉइडवरून घेतलेलं बरं), उघडलं की समोर बॅश असतं. कोड मी शब्दांत सांगतो, म्हणजे नुसता कॉपी-पेस्ट न करता हाताने टाइप होईल.

बॅशमध्ये अ‍ॅरे म्हणजे लोकल समजा. एक नाव, मागे एकाला एक जोडलेले डबे, आणि डब्यांचे नंबर शून्यापासून. डेम्लो नावाचा अ‍ॅरे करायचा तर नाव, बरोबरचं चिन्ह, आणि साध्या कंसात मधे जागा सोडून १ १२१ १२३२१ १२३४३२१. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही, बॅश यावर हटून बसतं. असाच दुसरा अ‍ॅरे हर्षद नावाचा करा, तिसरा देवळाली नावाचा. (टाइप करताना नावं इंग्रजी अक्षरांतच द्यायची, बॅशला व्हेरिएबलच्या नावात देवनागरी चालत नाही.) दोन्ही नावं कापरेकरांचीच आहेत.

हर्षद संख्या म्हणजे जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो. १८ चे अंक मिळून ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजनचा तो प्रसिद्ध १७२९ पण हर्षद आहे: बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. कुठल्या गणितज्ञाने संख्येला इतकं गोड नाव दिलंय सांगा.

देवळाली संख्या जरा वेगळी. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणजे २३ ही २८ ची जन्मदाती. २८ पासून ३८, असं पुढे चालत राहतं. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना कोणीच जन्मदाती नाही. २०, ३१, ४२, ५३ अशा. या रांगेत कुठूनही चालत आलात तरी त्यांच्यावर पाय पडत नाही. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू या अर्थाचं नाव दिलं, आणि त्यांच्या गावावरून त्या देवळाली संख्या म्हणूनही ओळखल्या जातात.

आता मूळ प्रश्न. तीन अ‍ॅरे तयार आहेत. तुम्हाला अशी स्क्रिप्ट हवी आहे की वापरणाऱ्याने नाव टाइप करावं आणि त्या नावाचा अ‍ॅरे छापून यावा. ते नाव तुम्ही निवड नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं. निवडीत आता डेम्लो हा शब्द आहे. निवड छापली तर काय येईल? डेम्लो हा शब्द. संख्या नाहीत, नुसता शब्द. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर कल्याण लिहिलेलं असतं ना, तसं. इंडिकेटरवर गाडीचं नाव आहे, पण इंडिकेटरमध्ये बसून कल्याणला जाता येत नाही.

बहुतेक जण मग डॉलरच्या आत डॉलर टाकून बघतात. बॅश लगेच चूक दाखवतं आणि थांबतं. मग कोणीतरी इव्हॅल सुचवतो. इव्हॅल काय करतं? तुम्ही दिलेली ओळ आधी तयार करतं आणि मग ती कमांड म्हणून पुन्हा चालवतं. काम होतं, खरं आहे. पण वापरणाऱ्याने अ‍ॅरेच्या नावाऐवजी फाइली उडवायची कमांड टाइप केली तर तीही तितक्याच इमानदारीत चालेल. माझं स्पष्ट मत: बाहेरून आलेला मजकूर इव्हॅलला देऊ नका, कधीच नको.

बॅशच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९६ च्या सुमारास, बरी सोय आली. डॉलर, महिरपी कंस, कंसाच्या आत आधी उद्गारचिन्ह आणि मग निवड. उद्गारचिन्हाचा अर्थ: निवडीत जे नाव आहे ते वाच, आणि त्या नावाच्या वस्तूकडे जा. इंडिकेटर वाचून गाडीकडे चालत जाणं. पण इथे एक खोडी आहे. निवडीत नुसतं डेम्लो असेल तर तुम्हाला मिळेल फक्त १. पहिल्या डब्यात चढवून देतो आणि बाकीचे डबे विसरतो, चुकीचा संदेशही देत नाही. सगळे डबे हवे असतील तर निवडीतच नावापुढे चौकटी कंसात ॲटचं चिन्ह ठेवायचं, आणि वापरताना सगळं दुहेरी अवतरणात घालायचं.

एवढं करूनही अ‍ॅरेत किती घटक आहेत ते या वाटेने थेट विचारता येत नाही, आणि अ‍ॅरेत नवीन संख्या टाकायची तर आणखी वेगळी कसरत. म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये बॅश ४.३ मध्ये नेमरेफ आला. कॉर्न शेलमध्ये हा प्रकार आधीपासून होता. (डहाणूची पाटी बदलली तेही २०१४ च. योगायोग आहे, पण मला आवडला.) लिहायचं असं: डिक्लेअर, मग वजाचं चिन्ह आणि लहान एन, मग नवं नाव, बरोबर, आणि मूळ अ‍ॅरेचं नाव. नवं नाव संच ठेवलं आणि त्याला डेम्लोकडे वळवलं, की त्यानंतर संच म्हणजेच डेम्लो. संचाचे घटक मोजा, डेम्लोचे मोजले जातात. संचात १२३४५४३२१ घाला, ती डेम्लोत जाऊन बसते. नक्कल नाही, तीच गाडी आहे, फक्त दुसऱ्या नावाने हाक मारताय.

मॅकवाल्यांनो, तुमच्या मशीनवर ॲपलने दिलेलं बॅश ३.२ आहे, त्यात नेमरेफ नाही. नवीन बॅश वेगळं टाकावं लागेल. फोनवरच्या टर्मक्समध्ये पाचवी आवृत्ती येते, म्हणजे इथे तुमचा फोन पुढे आहे.

पुन्हा देवळालीला जाऊ. मास्तरांचा दिवस शाळेत आणि उरलेला सगळा वेळ आकड्यांत. १९४६ मध्ये त्यांना तो आकडा सापडला ज्यामुळे आज त्यांचं नाव जगभर आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठ्यातून छोटी वजा करा. उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळात तुम्ही ६१७४ ला पोचता आणि तिथेच अडकता. त्यांचं जन्मवर्ष घेऊन बघू. १९०५: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पायऱ्या, एकही कमी नाही. ते वारले १९८६ मध्ये. १९८६: ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. तिथून पुढे तीच वाट. अजून एक, ६१७४ चे अंक मिळून १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४. म्हणजे ती हर्षद पण आहे.

याची स्क्रिप्ट लिहाल तर ०१५९ पाशी बॅश अडेल. शून्याने सुरू होणारी संख्या बॅश आठच्या पायातली समजतं, आणि आठच्या पायात ९ हा अंकच नसतो. म्हणून संख्येच्या आधी १० आणि हॅशचं चिन्ह लावून ही दहाच्या पायातली आहे असं सांगावं लागतं. उलट १००० घेतलेत तर १००० वजा ०००१ म्हणजे ९९९, तिथे पुढचं शून्य हाताने परत लावावं लागतं, नाहीतर पुढची पायरी चुकते. कापरेकरांकडे कागद आणि पेन्सिल होती, त्यांना हे दोन्ही प्रश्न आले नाहीत.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं, आणि १९५३ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ते छापून आलं. आपल्याकडे काय झालं? अनेक गणितज्ञ हसले. अंकांची अदलाबदल ही करमणूक आहे, गणित नाही, असा एकूण सूर होता. मोठ्या जर्नलांची दारं सहसा उघडली नाहीत. मग मास्तरांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापल्या, वर प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव आणि खाली देवळाली. एका शाळामास्तराचा पगार डोळ्यांसमोर आणा आणि त्यातून छपाईचं बिल वजा करा.

हसणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. कापरेकरांचं बरंचसं काम दहाच्या पायावर उभं आहे. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहात मोजतो. बारात मोजलं असतं तर ६१७४ नसता, दुसरं काहीतरी निघालं असतं. शुद्ध गणितवाल्याला यात खोली दिसत नाही, ते समजू शकतो. पण कुतूहलाला खोलीचा दाखला मागायचा नसतो. कॉलेजात त्यांना बोलवायचे ते मुलांना संख्या आवडाव्यात म्हणून, आणि त्या आवडायच्या.

१९६२ ला नोकरी संपली. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना. अगदी काटकसरीने राहणारा माणूस, पण तरीही या वयात गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. लोक त्यांना गणितानंद म्हणायचे. नाव आनंदाचं होतं, त्याने महिनाअखेर सुटत नव्हती.

मग आलं १९७५. मार्च महिन्यात मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं. ते सदर म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा मंच समजा. देवळालीचे मास्तर ७० व्या वर्षी जगाला माहीत झाले. त्यानंतर आपल्याकडेही त्यांना गांभीर्याने घेऊ लागले. बाहेरच्याने आधी चांगलं म्हणावं लागतं, ही आपली जुनी खोड.

आता नावांकडे या, कारण नेमरेफ इथे खरा कळतो. १९७४ मध्ये बर्नार्दो रेकामान या कोलंबियाच्या माणसाने एका अमेरिकन गणित मासिकात जन्मदाती नसलेल्या संख्यांवर एक प्रश्न घातला. त्यावरून त्या संख्यांना कोलंबियन संख्या असंही म्हणू लागले. १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन या गणितज्ञाने एका परिषदेत अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांबद्दल भाषण दिलं. त्या झाल्या निव्हेन संख्या. आज इंटरनेटवर कोलंबियन शोधा किंवा देवळाली शोधा, निव्हेन शोधा किंवा हर्षद शोधा, संच तोच निघतो. गंमत म्हणजे १९७४ ही संख्या स्वतःच देवळाली आहे. १९३८ ते १९७३ मधली एकेक घेऊन अंक मिळवून बघा, एकीतूनही १९७४ येत नाही. आणि गार्डनरच्या लेखाचं वर्ष, १९७५, त्याची जन्मदाती १९५५ आहे.

एका अ‍ॅरेला दोन नावं असली म्हणजे काय होऊ शकतं ते बॅशमध्ये करून बघा. निव्हेन नावाचा नेमरेफ करा आणि त्याला हर्षदकडे वळवा. आता तुम्हाला निव्हेन हे नाव नको झालं, म्हणून अनसेट निव्हेन केलंत. काय गेलं? निव्हेन नाही गेला. हर्षद गेला, सगळ्या संख्यांसकट. निव्हेन हे नाव अजून तिथेच उभं आहे, रिकाम्या जागेकडे बोट दाखवत. फक्त नाव काढायचं असेल तर अनसेटला वजा आणि लहान एन जोडावं लागतं. हा फरक पाठ करा. नेमरेफ वापरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये डेटा उडायची ही सगळ्यात सोपी वाट आहे.

दुसरा सापळा फंक्शनमध्ये असतो. फंक्शनच्या आत नेमरेफला तुम्ही हर्षद नाव दिलंत आणि बाहेरून आलेल्या अ‍ॅरेचं नावही हर्षदच निघालं, तर बॅश वर्तुळाकार संदर्भ म्हणून कुरकुर करतं. हर्षद कोण? तर हर्षद. म्हणून आतल्या नावाला पुढे अंडरस्कोअर लावायची पद्धत आहे. आणि वापरणाऱ्याने दिलेलं नाव थेट नेमरेफला देऊ नका. आधी केस लावून ते डेम्लो, हर्षद, देवळाली यांपैकीच आहे ना ते तपासा. चौकटी कंसात कमांड लपवून पाठवली तर ती उद्गारचिन्हाच्या वाटेनेही चालते आणि नेमरेफच्याही. इव्हॅल टाळलं म्हणजे सुटलो असं नाही.

तीनही अ‍ॅरे एकामागोमाग छापायचे असतील तर एक छान सोय आहे. संच हा आधी नेमरेफ म्हणून जाहीर करा, कुठेही न वळवता. मग फॉर लूप लिहा: संच इन डेम्लो हर्षद देवळाली. लूपच्या प्रत्येक फेरीत संच आपोआप पुढच्या अ‍ॅरेकडे वळतो. आत एकच ओळ, सगळे घटक छापायची. कापरेकरांची तीन नावं, एकामागे एक.

संच डेम्लोकडे वळलेला असताना त्यात पुढच्या संख्या बॅशकडूनच काढून भरा. नुसत्या एकांची संख्या घ्या, दुहेरी साध्या कंसात तिला तिनेच गुणा. नऊ एकांपर्यंत तो देखणा डोंगर दिसत राहील. दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. इथे हातचे आल्यामुळे शिखर मोडलं, पण उत्तर बरोबर आहे, आणि अद्भुत डेम्लोंच्या यादीत ते धरतात. अकरा एक द्या. बॅश म्हणेल उणे ५६७०४१८३९४९७९२०६९९१. वर्ग आणि तोही उणे. बॅशला ६४ बिटांपलीकडची पूर्णांक संख्या पेलत नाही, आणि ते गुपचूप उलटं फिरतं, सांगतसुद्धा नाही. टर्मक्समध्ये बीसी नावाचं पॅकेज टाका आणि हाच गुणाकार त्याला द्या: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१.